पट्ट्यावरचा चार्ली

चार्ली चॅप्लिन आपल्याला सिनेमात भेटण्याआधी चित्रात भेटतो. केशकर्तनालयाच्या भिंतीवर, टी-शर्टवर, लहान मुलांच्या वाढदिवसाला भाड्याने आणलेल्या विदूषकाच्या अंगावर. गोल टोपी, चिमुकली मिशी, हातात काठी. पिंपळे सौदागरला नव्या दुकानाचे उद्घाटन असले की दारात असा एखादा चार्ली उभा करण्याची पद्धतच आहे. उन्हात त्याच्या मिशीचा रंग ओघळत असतो. त्याला ओळखत नाही असा माणूस सापडणे कठीण, आणि त्याचा एक तरी चित्रपट अथपासून इतिपर्यंत पाहिला आहे असा विद्यार्थी सापडणे त्याहून कठीण. गेल्या वर्षापर्यंत मीही दुसऱ्या प्रकारातलीच होते.

एका शनिवारी आमच्या इंग्रजीच्या सरांनी तास संपल्यावर ‘द गोल्ड रश’ दाखवला. हॉलिवूडचा जुना चित्रपट म्हटल्यावर माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुली मागच्या बाकावर सरकल्या, कारण इंग्रजी संवाद कळणार नाहीत आणि सगळे हसतील तेव्हा आपण उगीच हसल्यासारखे करू, ही भीती. पण पडद्यावरचा माणूस बोललाच नाही. अधूनमधून दोन ओळींची पाटी येई, ती वाचता आली नाही तरी अडत नसे. भुकेने कासावीस झालेला चार्ली स्वतःचा बूट शिजवतो, ताटात वाढून घेतो, नाड्या शेवयांसारख्या गुंडाळून खातो आणि खिळे हाडकांसारखे चोखतो. हे समजायला कोणती भाषा लागते? त्यानंतर मी त्याचे मिळतील तेवढे चित्रपट मोबाइलवर पाहिले, त्याच्याविषयी ग्रंथालयात मिळेल ते वाचले, आणि हा माणूस बूट खाण्यापर्यंत कसा पोहोचला ते लिहावेसे वाटले.

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा, लंडन शहरातला. आई हॅना आणि वडील चार्ल्स, दोघेही तिथल्या म्युझिक हॉलमध्ये गाऊन पोट भरणारे. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखाच तो व्यवसाय : गळा आहे तोवर मान, गळा गेला की संपले. वडील दारूच्या आहारी जाऊन घरापासून तुटले आणि १९०१ साली, चाळिशी गाठण्याआधीच, वारले. आईचा आवाजही बसत गेला. चार्लीने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे की, तो पाच वर्षांचा असताना एका कार्यक्रमात आईचा आवाज मध्येच फाटला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि व्यवस्थापकाने तिच्या जागी या पोरालाच रंगमंचावर उभे केले. त्याने गाणे सुरू केले, लोकांनी नाणी फेकली, तेव्हा गाणे थांबवून त्याने आधी नाणी वेचली. त्यावर लोक अधिकच हसले. त्याचा हा पहिला प्रयोग, आणि तोच आईचा शेवटचा.

पुढे हॅना शिवणकाम करून दोन मुलांना वाढवू लागली. थोरला सिडनी हा चार्लीचा सावत्रभाऊ. १८९६ मध्ये तेही जमेना, तेव्हा तिघे लँबेथच्या वर्कहाउसमध्ये दाखल झाले. वर्कहाउस म्हणजे निराधारांसाठीचे सरकारी कामघर. तिथे जेवण मिळे, पण दारातच आई एकीकडे आणि मुले दुसरीकडे अशी वाटणी होई. सात वर्षांच्या चार्लीला हॅनवेल येथील अनाथ मुलांच्या शाळेत पाठवले. तिथे त्याच्या डोक्याला गजकर्ण झाले म्हणून केस काढून आयोडीन फासले होते.

या काळातला एक दिवस मला फार मोठा वाटतो. १८९८ च्या ऑगस्टमध्ये हॅनाने कामघरातून नाव कमी करून घेतले. मुले सुटली, अंगावर स्वतःचे चुरगळलेले कपडे आले. तिघांनी केनिंग्टन बागेत दिवस काढला. थोडी चेरीची फळे खाल्ली, वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून झेलाझेली खेळले. संध्याकाळी हॅना मुलांना घेऊन पुन्हा त्याच दारात गेली आणि तिघांची नव्याने नोंद करायला लावली. कारकुनांची चिडचिड झाली, कारण सगळे सोपस्कार पहिल्यापासून करावे लागले. पण मुलांना दिवसभर जवळ घेण्याचा एवढा एकच कायदेशीर मार्ग त्या बाईपाशी होता, आणि तो तिने शोधून काढला. चार्लीच्या चित्रपटांत पोलिसाला, शिपायाला, अधिकाऱ्याला गोड हसून चकवण्याची जी युक्ती वारंवार दिसते, तिचा उगम मला तरी या बागेत दिसतो. अभ्यासकांचे मत काय असेल ते असो.

त्यानंतर हॅनाचे मन ढासळले. १९०३ मध्ये तिला दवाखान्यात पोहोचवायला चौदा वर्षांचा चार्ली एकटाच होता. सिडनी जहाजावर नोकरीला गेलेला. तो परत येईपर्यंत चार्ली मिळेल तिथे झोपला.

रंगभूमीवर मात्र तो आधीच शिरला होता. लाकडी तळाचे बूट घालून नाचणाऱ्या मुलांच्या एका मेळ्यात दहाव्या वर्षी, मग शेरलॉक होम्सच्या नाटकात पोऱ्याची भूमिका, आणि १९०८ पासून फ्रेड कार्नो यांच्या विनोदी नाटकमंडळीत. कार्नोंच्या तालमीत अंगविक्षेप घासूनपुसून घेतले जात. या मंडळीबरोबर तो १९१० मध्ये आणि पुन्हा १९१२ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथेच किस्टोन कंपनीने त्याला हेरले. १९१३ च्या डिसेंबरात तो आठवड्याला १५० डॉलरवर सिनेमात रुजू झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला होता. तेव्हा चार्ली आणि भारतीय चित्रपट एकाच वयाचे म्हणायला हरकत नाही.

तो सुप्रसिद्ध पोशाख म्हणे कपडेपटाच्या खोलीत घाईघाईने जमवलेला. विजार एका अगडबंब नटाची, बूट दुसऱ्याचे आणि इतके मोठे की पायातून निघू नयेत म्हणून उलटसुलट घातलेले. कोट तंग, विजार ढगळ. टोपी लहान, बूट मोठे. ७ फेब्रुवारी १९१४ रोजी लोकांनी हा भटक्या प्रथम पडद्यावर पाहिला. त्या एका वर्षात चार्लीने पस्तीसवर लघुपट केले. १९१५ मध्ये आठवड्याला १,२५० डॉलर, १९१६ मध्ये १०,००० डॉलर आणि वर एकरकमी दीड लाख. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. हा आकडा मी घरी सांगितला. आईने डॉलरचा भाव विचारला नाही. इतक्या पैशांचे तो करत काय होता, एवढेच विचारले. उत्तर असे की, बरीच वर्षे काहीच करत नव्हता. साठवत होता. आत्यंतिक दारिद्र्य पाहिलेल्या माणसाला बँकेतल्या पैशांवरही विश्वास बसायला वेळ लागतो. पुढे त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधला, १९१९ मध्ये मेरी पिकफोर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स ही वितरण संस्था काढली, आणि १९२१ मध्ये आईला कॅलिफोर्नियात घर घेऊन दिले.

१९१९ मध्येच त्याचे पहिले मूल जन्मानंतर तीन दिवसांत गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने ‘द किड’ हाती घेतला. रस्त्यावर सापडलेले पोर भटक्या वाढवतो आणि अनाथालयाचे लोक ते गाडीत घालून न्यायला येतात, अशी गोष्ट. भटक्या छपरांवरून धावत जाऊन गाडी गाठतो तेव्हा आमच्या खोलीत कोणी हसत नव्हते. हॅनवेलला नेताना चार्लीच्या गाडीमागे कोणी धावले नव्हते, हे लक्षात ठेवून तो प्रसंग पाहावा.

‘सिटी लाइट्स’विषयी मला थोडे खोलात लिहायचे आहे. १९२७ मध्ये बोलपट आला आणि दोन-तीन वर्षांत हॉलिवूड बोलू लागले. चार्ली अडून बसला. भटक्या इंग्रजी बोलला तर तो फक्त इंग्रजी समजणाऱ्यांचा होईल, ही त्याची अडचण. ती ज्या दिवशी मी वाचली त्या दिवशी मला तो मागच्या बाकावर आमच्याशेजारी येऊन बसल्यासारखा वाटला. चित्रपट मूकच राहिला, फक्त संगीत घातले, आणि तेही बरेचसे चार्लीने स्वतः रचलेले. त्यातला एक प्रसंग असा : आंधळी फुलवाली भटक्याला श्रीमंत समजते. ती तसे का समजते, हे न बोलता दाखवायचे होते. चार्लीने तो प्रसंग ३४२ वेळा चित्रित केला. शेवटी सापडले ते अगदी साधे. मोटारीचे दार लागल्याचा आवाज तिच्या कानी पडतो, एवढेच! पण ३४२ हा आकडा दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवा. व्हर्जिनिया चेरिल ही नवखी मुलगी तेच फूल, तोच हात, तीच मान पुन्हापुन्हा पुढे करत होती. मध्येच चार्लीने तिला कामावरून काढले, दुसरी नटी लावून पाहिली, आणि मग हिलाच परत बोलावले. गरिबांची बाजू घेणारा हा माणूस स्वतःच्या स्टुडिओत मालक होता, आणि कडक मालक होता. १९३१ मध्ये पडद्यावर आलेला तो शेवटचा प्रसंग, दृष्टी आलेली मुलगी भटक्याचा हात चाचपून त्याला ओळखते तो, मी पाच वेळा पाहिला आहे. त्याची किंमत कोणी दिली हेही मला विसरता येत नाही.

हाच चित्रपट घेऊन तो लंडनला गेला असताना गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी तिथे आले होते. २२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनच्या पूर्व भागात कॅनिंग टाउन या कामगारवस्तीत, डॉ. कतियाल यांच्या घरी दोघांची भेट झाली. बाहेर ही गर्दी. गांधीजींनी त्याचे चित्रपट पाहिलेले नव्हते. चार्लीने त्यांना विचारले की, त्यांचा यंत्रांना विरोध का? यंत्राने माणसाचे कष्ट वाचतात ना? गांधीजींनी समजावले की, यंत्रांनीच हिंदुस्थानला इंग्लंडवर अवलंबून राहायला लावले, म्हणून चरखा आणि खादी. मग प्रार्थना झाली, आणि जगातला सर्वांत प्रसिद्ध नट बाजूला बसून ती पाहत राहिला. चार्लीला त्यांचे सगळे पटले असे नाही. पण यंत्राचा प्रश्न त्याच्या डोक्यात त्याआधीपासूनच घोळत होता. १९२३ मध्ये त्याने डेट्रॉइटला फोर्डचा मोटार कारखाना पाहिला होता. शेतावरची धडधाकट पोरे तिथल्या सरकत्या पट्ट्यावर कामाला येतात आणि चार-पाच वर्षांत त्यांच्या मज्जातंतूंचा चुराडा होतो, असे एका पत्रकाराने त्याला सांगितले होते.

त्यातून १९३६ मध्ये ‘मॉडर्न टाइम्स’ आला. शेतावरची पोरे आणि सरकता पट्टा हे शब्द आपल्या भागाला नवे नाहीत. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला, साठच्या दशकात मोटारींचे कारखाने आले, आणि पवनेकाठच्या शेतांची हळूहळू कॉलनी आणि मग टॉवर झाले. माझे वडील धाराशिव जिल्ह्यातून इकडे आले ते कोरडवाहू जमिनीला कंटाळून. आज ते चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. नाव येथे नको. मोटारीच्या वायरिंगला क्लिपा दाबून बसवणे हे त्यांचे काम. पहाटे नाशिक फाट्यावर बस येते.

‘मॉडर्न टाइम्स’ आम्ही त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून पाहिला. पट्ट्यावर जोडीजोडीने नट येत आहेत, चार्ली दोन्ही हातांत पाने घेऊन ते आवळतो आहे. सुट्टी झाली तरी त्याचे हात झटके देत राहतात. धाकटा भाऊ पोट धरून हसत होता. कामगाराला हात न वापरता जेवू घालणारे यंत्र येते, जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून, आणि ते बिघडून चार्लीच्या तोंडात सुपाबरोबर नटही कोंबते, तेव्हा आईसुद्धा हसली. वडील हसले, पण वेगळ्या ठिकाणी. त्यांनी चित्रपट थांबवून मागे घ्यायला सांगितले. चार्लीला काखेत खाज येते, तो क्षणभर थांबतो, एक नट निसटतो, आणि लगेच शेजारचा कामगार त्याच्यावर खेकसतो. वडील म्हणाले की, अगदी असेच होते. एकाच्या हातून राहिले की पुढच्याचे अडते, मग ते दोघे भांडतात. पट्ट्याचा वेग वाढवणारा वर काचेमागे बसलेला असतो, त्याच्याशी कोणी भांडत नाही. खरेच, चित्रपटात मालक आपल्या खोलीत कोडे जुळवत बसलेला दिसतो आणि पडद्यावरून फक्त वेग वाढवायचा हुकूम देतो. मी हा भाग आधी दोनदा पाहिला होता, टिपणेही काढली होती. टिपणांत मालक होता, नट होते. खेकसणारा शेजारी नव्हता.

भाऊ यंदा बारावीला आहे. परीक्षा झाली की जूनपासून कंपनीत ट्रेनी म्हणून लागायचे त्याचे ठरले आहे, मित्रही तिकडेच चालले आहेत. वडिलांनी त्याला त्या दिवशी काहीच सांगितले नाही. फक्त चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला. भाऊ पुन्हा तितकाच हसला. तो हसू नये असे मला वाटते का? नक्की सांगता येत नाही. चार्लीने ते हसण्यासाठीच केले होते.

याच चित्रपटात भटक्याचा आवाज जगाने प्रथम ऐकला. हॉटेलात त्याला गाणे म्हणायचे असते, शब्द लिहिलेला कफ उडून जातो, आणि तो कोणत्याही भाषेत नसलेले शब्द गातो. सगळ्यांना सगळे कळते. बावीस वर्षांनी तोंड उघडले ते असे. शेवटी तो आणि ती अनाथ मुलगी हात धरून रस्त्याने चालू लागतात. नोकरी गेलेली, घर नाही.

यानंतरचा चार्ली बोलू लागला. हिटलरचा जन्म चार्लीनंतर अवघ्या चार दिवसांचा. त्याची टर उडवणारा ‘द ग्रेट डिक्टेटर’ १९४० मध्ये आला, आणि त्या वेळी तो काढायला छाती लागत होती. पण शेवटचे लांबलचक भाषण मला रुचले नाही. पंचवीस वर्षे न बोलता जे सांगितले, ते त्याने तिथे बोलून थोडे कमी केले. आमच्या सरांचे मत अगदी उलट आहे.

त्याच्या खासगी आयुष्याविषयी चरित्रकार बरेच लिहितात. मी एवढेच लिहिते की, त्याच्या पहिल्या दोन बायका लग्नाच्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या आणि चौथी, ऊना ओनील, अठरा वर्षांची. तेव्हा तो चोपन्न. ऊनाचा संसार चौतीस वर्षे सुखाने झाला, आठ मुले झाली. लिटा ग्रे ही दुसरी बायको मात्र फार दुःखी झाली. एकोणीस वर्षांच्या मुलीने हे वाचून पान उलटावे, असे ते नाही. पडद्यावर ज्याने मुलींशी इतक्या आदराने वागून दाखवले, त्याच्याविषयी तर नाहीच.

युद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांचा बागुलबुवा उभा राहिला. चार्लीने कधीही अमेरिकन नागरिकत्व घेतले नव्हते, कामगारांविषयी तो सहानुभूतीने बोले, तेवढे संशयाला पुरले. सप्टेंबर १९५२ मध्ये ‘लाइमलाइट’ घेऊन तो कुटुंबासह बोटीने लंडनला निघाला, आणि बोट समुद्रात असतानाच त्याचा परतीचा परवाना रद्द झाला. चाळीस वर्षे जिथे काढली त्या देशाने दार लावून घेतले. तो स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावाजवळ स्थायिक झाला. वीस वर्षांनी, एप्रिल १९७२ मध्ये, ऑस्कर समारंभासाठी त्याच अमेरिकेने त्याला बोलावले आणि सगळे सभागृह बारा मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो गहिवरला होता. मला त्या चित्रफितीत त्या टाळ्या जरा जास्त झाल्यासारख्या वाटतात. १९७५ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्याला सर ही पदवी दिली, ती त्याने चाकाच्या खुर्चीत बसून घेतली. २५ डिसेंबर १९७७ रोजी, नाताळच्या पहाटे, तो झोपेतच गेला.

पण त्याची गोष्ट तिथेही थांबली नाही. मार्च १९७८ मध्ये कबर उकरून त्याची शवपेटी पळवण्यात आली. खंडणीसाठी फोन येऊ लागले. ऊनाने एक पैसा दिला नाही. पोलिसांनी त्या भागातल्या दोनशेच्या आसपास टेलिफोन खोक्यांवर पाळत ठेवली आणि मे महिन्यात चोर सापडले. पोलंडचा एक आणि बल्गेरियाचा एक, पोटासाठी परक्या देशात आलेले मोटार मेकॅनिक. पैसे मिळाले असते तर गॅरेज काढायचे होते. पेटी त्यांनी जवळच्या एका शेतात पुरली होती. ती परत आणून पूर्वीच्याच जागी पुरली आणि या वेळी वरून काँक्रीट ओतले.

हे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी विचारले की, त्या दोघांचे पुढे काय झाले? एकाला साडेचार वर्षांची सजा झाली, दुसऱ्याची सजा स्थगित ठेवली.